खायचे, विकायचे, भ्यायचे आणि उरलेले

कार्ल लिनियस नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली, तीत जगातल्या यच्चयावत प्राण्यांना दोन-दोन नावं वाटून दिली आणि प्राणिशास्त्रज्ञांच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांची पोटापाण्याची सोय करून ठेवली. हे गृहस्थ मालवणात कधी आले नाहीत. आले असते तर एवढा खटाटोप वाचला असता. आमच्याकडे प्राण्यांचे वर्ग चारच: खायचे, विकायचे, भ्यायचे आणि उरलेले. बांगडे, पेडवे, मुडदुशा, तिसऱ्या, कुर्ल्या हे खायचे. पापलेट, सुरमई, शेवंड हे विकायचे. घरच्या माणसांनी त्यांच्याकडे फार बघू नये, सवय लागते. नाग, घोणस, फुरसं आणि बिबट्या हे भ्यायचे. यातल्या कशातच न बसणारा जो जीव, मग तो पाण्यातला असो, माडावरचा असो की न्हाणीघरातला, तो 'कसलो तरी'. 'कसलो तरी किडो', 'कसलो तरी मासो'. इथे वर्गीकरण संपतं आणि मालवणी माणूस हात धुऊन पानावर बसतो.

माझ्या भाचीने या चौथ्या वर्गात एम.एस्सी. करायचं ठरवलं.

बी.एस्सी. जिल्ह्यातच झाली तोवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. चेडू शिकता, शिकांदे. पण पुढेही प्राणिशास्त्रच घेणार म्हटल्यावर वाडीत चौकशी सुरू झाली. शेजारचे आबा स्वतः चालत आले.

"म्हणजे ढोरांची डॉक्टर होतलंस?"

"नाय आबानू. ढोरांचे डॉक्टर येगळे."

"मगे तुमी काय करतास?"

"आमी प्राण्यांचो अभ्यास करतो."

"आजारी प्राण्यांचो?"

"नाय, बऱ्या."

आबा विचारात पडले. बऱ्या प्राण्याचा अभ्यास कशाला करायचा, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ उमटला की भाचीला उत्तर सुचेना. "आमची गाय दोन दिस चारो खाणा नाय, येवन बघ तरी," एवढं बोलून ते गेले. ही गेली, गाय बघून आली. गाय दुसऱ्या दिवशी आपणहून चरायला लागली आणि हिचा वाडीत दबदबा वाढला. तेव्हापासून न्हाणीत साप निघाला की हिला बोलावतात, कोंबडी खुडूक बसेना की हिला विचारतात. मांजर हरवलं तरी हिलाच फोन.

आता मुंबई विद्यापीठाचं बघा. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ डहाणूपासून बांद्यापर्यंत पसरलं आहे. सात जिल्ह्यांतली पोरं एकाच कुलगुरूंच्या सहीची वाट बघतात. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून १९८१ साली वेगळा झाला, पण विद्यापीठापासून कोणी वेगळं केलं नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी भाचीने कुडाळला कोकणकन्येत पाय ठेवला आणि रात्रभर प्रवास करून, जे प्राणी घरामागच्या खडपात ओहोटीला पायाखाली येतात ते शिकायला, पाचशे किलोमीटरवर गेली. तिथे ते प्राणी बरणीत होते.

फॉर्मालिनची बरणी ही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती. प्राध्यापक निवृत्त होतात, शिपाई बदलतो, बरणी राहते. आतल्या प्राण्याचा रंग पहिल्या दहा वर्षांत जातो, आकार पुढच्या दहा वर्षांत, आणि मग फक्त चिठ्ठी उरते. परीक्षेत या बरण्या रांगेने मांडतात, चिठ्ठ्या झाकतात, दर दोन मिनिटांनी घंटा वाजते आणि प्रत्येक बरणीपुढे उभं राहून 'ओळखा व टिप्पणी लिहा' करायचं असतं. मुंबईची मुलं त्या पांढुरक्या पापलेटाला खालून, वरून, चष्मा पुसून बघत होती. भाचीने ओळखलं, पण तिला वाईट वाटलं. ज्या गावात दुपारी चारचा मासा सहा वाजता शिळा म्हणतात, तिथल्या मुलीला हे दृश्य झेपणं कठीणच. शिवाय २०१८ साली गोव्यात मासळीला फॉर्मालिन लावतात अशी बोंब झाली, तेव्हा आमच्या बाजारात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. इकडे तेच औषध लावून मास्तर मंडळी गुण देतात, हे बाजारात कोणाला कळलं असतं तर विद्यापीठाचं काही खरं नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या माशाचं आर्थिक महत्त्व सांगा." अपेक्षित उत्तर तीन ओळींचं असतं: प्रथिनयुक्त अन्न, निर्यात, परकीय चलन. भाचीने श्रावणातला भाव सांगितला, श्रावण सुटल्यावरचा सांगितला, नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की पहिल्या चार दिवसांतला सांगितला, गणपतीत तो का कोसळतो आणि गौरीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा का चढतो हेही सांगितलं. परीक्षक डोंबिवलीचे होते. त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

जर्नल हा आणखी एक संस्कार. कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने प्राण्याची आकृती काढायची, उजव्या बाजूला नावं, नावांच्या रेषा पट्टीने, आणि एक रेष दुसरीला छेदता कामा नये. सुट्टीत भाची माजघरात जर्नल घेऊन बसली होती. तिची आई, म्हणजे माझी बहीण, कोयती बाजूला ठेवून येऊन उभी राहिली. पापलेटाची आकृती बराच वेळ निरखून म्हणाली, "डोळो आत गेलोहा. शिळो आसा." भाची म्हणाली, पुस्तकात असाच आहे. "मगे पुस्तक शिळा," बहिणीने निकाल दिला. भाचीने खोडरबर घेतला, डोळा थोडा बाहेर काढला, बुबुळ काळंभोर केलं. सरांनी त्या पानावर शेरा मारला: उत्तम निरीक्षण.

विच्छेदनाची कथा निराळी. जुन्या काळी बी.एस्सी.ला स्कोलिओडॉन फाडावा लागे. स्कोलिओडॉन म्हणजे आमची मोरी. तिचं डोकं सोलून मेंदूपासून निघणाऱ्या नसा, पाचवी, सातवी, नववी, दहावी, न तुटता उघड्या करायच्या आणि खाली काळा कागद सरकवून परीक्षकांना दाखवायच्या. नस तुटली की गुण गेले. माझ्या वयाची माणसं अजून दहाव्या नसेचं नाव काढलं की गप्प होतात. प्रॅक्टिकलला बंदरावरून ताजी मोरी आणायचे; परीक्षा फक्त डोक्याची असायची. उरलेल्या मोरीचं पुढे काय होई, हे विद्यापीठाच्या कोणत्याही परिपत्रकात आलेलं नाही.

मग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन कमी करत आणायच्या सूचना काढल्या आणि २०१४ साली ते बंदच केलं. आता संगणकाच्या पडद्यावर मोरी येते, माऊसने तिची कातडी दूर होते, नसा पिवळ्या रंगात उजळतात, एकही तुटत नाही. धोरण योग्यच आहे. शिकण्यासाठी दर वर्षी देशभर बेडूक आणि मासे मारायची गरज नव्हती. फक्त आमच्याकडे एक घोळ होतो. मुंबईत जी मोरी कापायला आयोगाची मनाई आहे, ती मालवणच्या बाजारात मावशी बसल्या बैठकीला कापते. गप्पा चालू, पैशांचा हिशेब चालू, नजर तिसऱ्याच गिऱ्हाइकावर. यकृत अखंड बाहेर येतं, पित्त फुटत नाही, पाठीचा कणा एका ओढीत. भाचीने एकदा कौतुकाने विचारलं, "मावशे, ह्या खंय शिकलंस?" मावशी म्हणाली, "शिकाक कित्या व्हया? मोरीच सांगता खंय कापूचा ता." एवढं बोलून तिने वाटा पुढे सरकवला आणि संध्याकाळी घरी मोरीचं मटण झालं. आयोगाचा त्याला आक्षेप नव्हता.

दुसऱ्या वर्षी अभ्याससहल निघाली. सागरी जैवविविधतेसाठी कुठे जायचं यावर विभागात चर्चा झाली आणि एकमताने ठरलं: मालवण. निवड चोख होती. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. एकूण २९ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला आणि पद्मगडाजवळचा तीन चौरस किलोमीटरचा गाभा. प्रवाळ आहेत, जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबाची संस्था आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पालकांचं संमतिपत्र आणायचं होतं. बहिणीने मालवणात बसून सही केली: 'माझ्या मुलीस मालवण येथे नेण्यास माझी हरकत नाही. तेथील हवामान, समुद्र व वन्य प्राणी यांपासून उद्भवणाऱ्या धोक्यांची मला कल्पना आहे.' धोक्यांची कल्पना तिला लग्न होऊन आली तेव्हापासूनच होती.

मुक्काम घरापासून दोन किलोमीटरवर, एका निवास-न्याहारीत. नियमाप्रमाणे कोणालाही गट सोडून जायची परवानगी नाही. त्यामुळे आईला भेटायचं तर सरांकडे अर्ज. बहिणीने अर्जाची वाट न बघता संध्याकाळी सोलकढीची कळशी आणि वड्यांचा डबा घेऊन सहलीवरच धाड टाकली. सरांनी हजेरी घेतली तेव्हा पंचवीस विद्यार्थी आणि एक पालक भरले. पुढचे दोन दिवस जैवविविधतेचा अभ्यास बहुतांशी ताटातूनच झाला.

ओहोटीला खडपावर क्वाड्रॅट टाकायचा कार्यक्रम होता. पाइपाची चौकट, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती खडकावर ठेवायची आणि आतले सगळे जीव मोजायचे. भाची गुडघाभर पाण्यात वाकून शंख, कालवं, समुद्रफुलं मोजत होती. एक म्हातारे रापणकार बिडी ओढत बघत होते.

"काय गो बाय, चौकटीत काय गावता?"

"मोजतंय, आजोबानू."

"आणि भायरले कोण मोजतलो?"

"तेंचो अंदाज करूचो."

"मगे भितरल्यांचो पण अंदाजच करूचो होतो. भिजलंस कित्या?"

संख्याशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते अडीच पानी आहे आणि पाणी चढत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. दोन्ही टोकांना माणसं, आणि जो ओढील त्याला वाटा. विद्यार्थी वह्या घेऊन उभे राहिले, तेव्हा तांडेलाने एवढंच सांगितलं की इथे बघ्यांना जागा नाही. सरांसकट सगळ्यांनी दोर धरला. जाळं वाळूवर आलं, माणसांनी भराभर बांगडे, पेडवे वेगळे केले, वाटे पडले. वीस मिनिटांत काम आटोपलं आणि वाळूवर एक ढीग राहिला, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. जेलीफिश, तारामासे, शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, बोटाएवढे चपटे मासे, आणि मधोमध एक केंड, पोट फुगवून, दात दाखवून, सगळ्यांवर रागावलेला. केंडाच्या अंगात विष असतं आणि दातांनी तो जाळं फाडतो. त्याला खाता येत नाही, विकता येत नाही, भ्यावं एवढा तो मोठाही नाही. पंचवीस विद्यार्थी त्या ढिगाभोवती मांडी घालून बसले. उजाडल्यावर रापणकार बायका वाटे घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांना दिसलं की मुंबईची माणसं बांगड्यांचा वाटा कावळ्यांना सोडून कचरा मोजताहेत. त्यातल्या एकीने बांगडे उचलून बहिणीकडे पोचते केले, निरोप दिला, "तुज्या चेडवाचा शिक्षाण बघलंय. सांभाळ."

मला मात्र त्या सकाळी प्राणिशास्त्राचा धंदा काय आहे ते कळलं. खायच्या, विकायच्या आणि भ्यायच्या प्राण्यांबद्दल मालवणात विद्यापीठाला सांगण्यासारखं फारसं काही नाही. बांगड्याचा थवा पाण्याच्या रंगावरून ओळखणारी माणसं इथे आहेत. अमावास्येची कुर्ली भरलेली असते असं ठामपणे सांगून ती फोडून दाखवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. पण उरलेल्यांना कोणी वाली नाही. ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही त्याच्याकडे तासभर बघत बसायला माणूस आपणहून तयार होत नाही, त्याला त्यासाठी चार सत्रं, हजेरी आणि गुण लावावे लागतात. तेवढ्यासाठी विद्यापीठ काढावं लागतं.

आणि उपयोगी पडणं प्राण्याच्या प्रकृतीला मानवतं असंही नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गुहेत पाकोळ्या राहतात. लाळेने घरटं बांधतात. त्या घरट्याचं सूप होतं हे चीनकडच्या लोकांना कळलं आणि इथल्या गुहेत चोर शिरू लागले. पापलेटाला २०२३ साली राज्य शासनाने राज्य मासा केलं. पिल्लं जाळ्यात जाऊन जाऊन मासा कमी झाला म्हणून हा मान. पण कढईतून सुटका नाही. एवढा सन्मान आणि एवढा मसाला एकाच वेळी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नसेल.

उलट, बिनउपयोगी म्हणून सुटलेल्यांचं बघा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे, पुढे कुंड. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे. भाविक पाय धुताना बघत आले, पुजारी बघत आले. देवाच्या दारातले म्हणून कोणी धरले नाहीत, आणि धरून खाण्याएवढे ते मोठेही नव्हते. २०२० साली संशोधकांनी सांगितलं की ही जगात नवी जात आहे: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. म्हणजे संरक्षण देवाने केलं, नाव शास्त्रज्ञांनी दिलं आणि घोषणा सरकारने केली. कामाची अशी चोख वाटणी आमच्या जिल्ह्यात क्वचितच होते.

कासवांची गोष्ट बहिणीला फार आवडते. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. भाचीने सांगितलं की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. बहीण एकदम थांबली. "म्हणजे वाळू ठरयता?" "हो." "बरां आसा. कासवांच्या सासवांका सुनेक बोलूक नको." एम.एस्सी.च्या चारही सत्रांत जीवशास्त्राचं याहून सरळ उपयोजन मी ऐकलं नाही.

अलीकडे तर उरलेल्यांचा भाव वधारला आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छिमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभागाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मात्र अर्ज भरावा लागतो, फोटो जोडावा लागतो, आणि त्यात एक रकाना असतो: प्राण्याचे नाव. इथे 'कसलो तरी' लिहून चालत नाही. तेव्हा भर समुद्रातून, वाऱ्याच्या घोंघावात, भाचीला फोन येतो. फोटोत अर्धं जाळं, पाव पंख आणि तांडेलाचा अंगठा. ती नाव सांगते, लॅटिन स्पेलिंग पाठवते. ते अर्ज आता आधी तिच्याकडे येतात.

एवढं होऊन पदवीधराचं स्वतःचं वर्गीकरण काही झालेलं नाही. एम.एस्सी. झाल्यावर सेट द्या, नेट द्या. मग तासिका तत्त्वावर शिकवा. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास बोलाल तितक्याच तासांपुरते प्राध्यापक. उरलेल्या वेळात उरलेले. भाची वैतागली की मी तिला सलीम अलींचं उदाहरण देतो. पक्ष्यांतला एवढा मोठा माणूस, पण रीतसर पदवी नाही म्हणून प्राणी सर्वेक्षण खात्यात नोकरी मिळाली नाही. पुढे विद्यापीठांनीच बोलावून सन्मान्य डॉक्टरेट दिल्या. "म्हणजे मामा," ती म्हणते, "तेंका पदवी नाय म्हणून नोकरी नाय, आणि माका पदवी आसा तरी नाय." प्राणिशास्त्राचा विद्यार्थी वादात हरत नाही; निरीक्षण पक्कं असतं.

गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलगा कुडाळचा, बँकेत. चहापोहे झाले. मुलाच्या आजीने सुरुवात केली. शिक्षण विचारलं, ते तिला कळलं नाही. पगार विचारला, तो भाचीलाही कळलेला नव्हता. मग आजीने खरा प्रश्न काढला.

"म्हावरा साफ करूक येता मां?"

भाची शांतपणे म्हणाली, "नाय. आयोगान २०१४ सालीच बंदी घातल्यान."

खोलीत कोणी बोलेना. बहिणीने कपाळाला हात लावला. मुलाचे वडील सरकारी परिपत्रकाला मान देणारे गृहस्थ, त्यांनी आदराने मान डोलावली. आजीने बराच वेळ विचार केला आणि विचारलं,

"खाऊक नाय मां बंदी?"

"नाय."

"मगे चलतला."